पट्टा कुणाचे ऐकतो?

मृग नक्षत्र तोंडावर आले की आमच्या जालना जिल्ह्यातल्या बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी होते. शेतकरी कपाशीचे पाकीट हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, पैसे मोजतो आणि घराकडे निघतो. कारखान्यात ते पाकीट भरले गेले, त्याचे वजन झाले, त्यावर चिठ्ठी लागली, ते खोक्यात पडले आणि खोके योग्य गावाच्या गाडीत चढले. या सगळ्या प्रवासात बराचसा रस्ता ते पाकीट एका रबरी पट्ट्यावर बसून आलेले असते. या पट्ट्याला कन्व्हेयर म्हणतात. तो पाकिटाला कसा ओळखतो, कुठे वळायचे हे त्याला कोण सांगते आणि तो कुणाचे ऐकून थांबतो, याबद्दल आज बोलायचे आहे.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. यंत्रशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण जालन्यात राहणाऱ्याला यंत्रांपासून लांब राहता येत नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापाराच्या जोरावर पडली. इथला मोंढा जुना, लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने मोठे, आणि बियाण्यांचा धंदा तर देशभर माहीत असलेला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून इथे अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. त्यामुळे माझ्या मोहल्ल्यात प्रत्येक चारदोन घरांत कुणीतरी प्रोसेसिंग प्लांटवर, रोलिंग मिलमध्ये किंवा गोदामात कामाला जाणारे असते. मी जे सांगणार आहे ते त्यांच्याकडून ऐकलेले, विचारून घेतलेले आणि काही वाचलेले आहे.

पट्टा म्हणजे काय, तर दोन टोकांना दोन ड्रम, मध्ये खाली रोलर, आणि या सगळ्यांवरून फिरणारा बिनटोकाचा रबरी किंवा कापडी पट्टा. एका ड्रमला मोटर जोडलेली असते. मोटर फिरली की पट्टा सरकतो. यात अक्कल काहीच नाही. विहिरीवरच्या रहाटाइतकीच ही साधी गोष्ट आहे. बियाणे खालून वर चढवायला प्लांटमध्ये जो बकेट एलिव्हेटर असतो, तो तर रहाटाचाच सख्खा भाऊ: पट्ट्याला डबे लावलेले, खाली भरायचे आणि वर ओतायचे.

वेगवेगळ्या मालाची निवड करायला नेहमी अक्कल लागतेच असे नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ही मोसंबी आकारानुसार वेगळी करायचे एक यंत्र असते. त्यात फिरत्या रोलरांमधली फट सुरुवातीला अरुंद आणि पुढे पुढे रुंद होत जाते. लहान फळ आधी खाली पडते, मोठे शेवटी. तिथे फळाला कुणी ओळखत नाही, फळ स्वतःच्या आकाराने आपली जागा शोधते. बियाण्याच्या प्लांटमध्येही हलके आणि भरीव दाणे वेगळे करणारे हलते टेबल असते. खालून हवा येते, हलका दाणा वर तरंगतो आणि उताराच्या बाजूला सरकतो, जड दाणा टेबलाला धरून राहतो.

पण दोन पाकिटे दिसायला अगदी सारखी असतील, एक परतूरला आणि एक भोकरदनला जायचे असेल, तर आकार किंवा वजन उपयोगाचे नाही. तिथे पाकिटाला पत्ता लागतो आणि तो पत्ता वाचणारा कुणीतरी लागतो.

या कामाचा आपल्याकडचा जुना नमुना म्हणजे टपाल. माझे एक मामू रेल्वेच्या डाकसेवेत होते. मीटरगेजच्या गाडीला डाकेचा डबा असे. त्यात भिंतीला खणच खण. गाडी हलत असताना उभे राहून पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि पाकीट नेमक्या खणात टाकायचे. कोणते गाव कोणत्या स्टेशनच्या थैलीत जाते हे मामूंना तोंडपाठ होते. अक्षर गिचमिड असेल तर ते पाकीट बाजूच्या एका खणात ठेवत आणि नंतर निवांत पाहत. अंदाजाने टाकायचे नाही, हा त्यांचा नियम होता. हा बाजूचा खण लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

सगळी गावे तोंडपाठ असणारी माणसे किती मिळणार? शिवाय एकाच नावाची गावे अनेक. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. देशभरच्या टपालाला आकड्यांत बसवणारा माणूस कवी होता, याचा मला आपला उगीचच अभिमान वाटतो.

जालन्याचा पिन ४३१२०३. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा विभाग. पहिले तीन आकडे ४३१ मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा ठरतो. जालन्याबरोबर छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेड या भागांचे पिनही ४३१नेच सुरू होतात. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. म्हणजे दूरच्या गावी बसलेल्या निवडणाऱ्याला जालना कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच उरली नाही. त्याने पहिला आकडा पाहून पाकीट पुढे ढकलायचे. पुढच्याने त्यापुढचे पाहायचे. एका मोठ्या प्रश्नाचे लहान लहान प्रश्न झाले. आणि लहान प्रश्न यंत्रालाही विचारता येतात. १९९३मध्ये मुंबईत टपाल निवडणारी स्वयंचलित यंत्रणा बसली, ती याच आकड्यांच्या आधाराने.

आता हे आकडे यंत्राने वाचायचे कसे? आपण ज्याला बारकोड म्हणतो त्या काळ्यापांढऱ्या रेघा त्यासाठीच आहेत. नॉर्मन जोसेफ वुडलँड या अमेरिकन माणसाला तारेच्या मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा ठाऊक होत्या. मायामीच्या समुद्रकिनारी बसला असताना त्याने वाळूत बोटांनी ते ठिपके खाली ओढले आणि त्यांच्या जाड-बारीक रेघा झाल्या. त्याचे पेटंट १९५२मध्ये मिळाले. पण दुकानातल्या विक्रीसाठी आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या एका पाकिटावर. मधली वीस-बावीस वर्षे स्वस्त लेसर आणि स्वस्त संगणक येण्याची वाट पाहण्यात गेली.

दुकानातल्या वस्तूंवर रेघांखाली तेरा आकडे असतात. पुष्कळ ठिकाणी सुरुवात ८९०ने होते. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा बरेच जण घेतात. खरे तर तो आकडा कंपनीची नोंदणी भारतातल्या संस्थेकडे झाली, एवढेच सांगतो. शेवटचा तेरावा आकडा मात्र फार गमतीचा आहे. पहिले बारा आकडे आळीपाळीने एक आणि तीनने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती दहाच्या पटीत यायला जितके कमी पडतात तितका आकडा शेवटी लिहायचा. वाचताना एखादा आकडा चुकला की बेरीज दहाच्या पटीत येत नाही आणि वाचणाऱ्या यंत्राला कळते की काहीतरी बिघडले. गझल लिहिणारा ओळीच्या मात्रा मोजून पाहतो. मात्रा कमी भरली की कुठेतरी अक्षर पडले हे कळते, कोणते पडले ते मग शोधावे लागते. हा त्यातलाच प्रकार.

पट्ट्यावर सगळीकडे बारकोड वाचणारी यंत्रे लावत नाहीत, कारण ती महाग. इतर ठिकाणी साधा डोळा असतो. त्याला कामगार सेन्सर किंवा फोटो आय म्हणतात. एका बाजूने प्रकाशाचा किरण निघतो, समोरच्या आरशासारख्या तुकड्यावर आपटून परत येतो. मध्ये पाकीट आले की किरण अडतो. या डोळ्याला एकच गोष्ट कळते: काहीतरी आहे, की नाही.

समजा, बारकोड वाचला त्या जागेपासून सहा मीटर पुढे भोकरदनच्या खोक्यांचे फाटक आहे. पट्टा सेकंदाला एक मीटर चालतो. पाकीट सहा सेकंदांनी फाटकाजवळ येणार. मग घड्याळ लावले की झाले, असे वाटते. पण मध्येच वीज कमी झाली, पट्टा मंदावला किंवा दोन मिनिटे थांबला, तर घड्याळ पुढे जाईल आणि पाकीट मागेच राहील. म्हणून वेळ मोजण्याऐवजी चाल मोजतात. ड्रमच्या दांड्याला एक मोजणी यंत्र लावलेले असते. पट्टा एक सेंटीमीटर सरकला की ते एक टिचकी देते. फाटक सहाशे टिचक्यांवर आहे. फाटकाचा हात बाहेर यायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात पाकीट पन्नास सेंटीमीटर पुढे जाते. म्हणून हुकूम पाचशे पन्नासाव्या टिचकीला द्यायचा. पट्टा थांबला तर टिचक्याही थांबतात आणि हिशेब बिघडत नाही.

यातून एक नियम निघतो. चालत्या पट्ट्यावरचे पाकीट उचलून पुन्हा भलत्या जागी ठेवू नये. यंत्राच्या लेखी ते पाकीट आपल्या जुन्याच जागी चाललेले असते. एका पाकिटाची जागा हलली की भोकरदनचा माल परतूरच्या खोक्यात जातो. चांगल्या व्यवस्थेत फाटकाआधी आणखी एक डोळा असतो. पाकीट अपेक्षित टिचकीला त्याच्यापुढे आले नाही, तर फाटक हलवायचेच नाही, पाकीट शेवटपर्यंत जाऊ द्यायचे. शेवटी एक वेगळी पेटी असते. बारकोड फाटला, ओला झाला, वाचता आला नाही, ओळख पटली नाही, ते सगळे त्या पेटीत. तिथून माणूस उचलून पाहतो. हाच मामूंचा बाजूचा खण. यंत्र कितीही हुशार असो, संशय आला तर अंदाज बांधण्याऐवजी माणसाकडे पाठवायचे, हे त्याला शिकवावे लागते.

बियाण्याच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे. पत्र चुकीच्या गावी गेले तर चार दिवस उशिरा पोचते. बियाणे चुकले तर हंगाम जातो, कारण चूक कळते ती उगवल्यावर किंवा बोंडे धरताना. १९६६च्या बियाणे कायद्याने पाकिटावर वाण, उगवणशक्ती, शुद्धता ही माहिती देणे आवश्यक केले आहे. चिठ्ठीवर लॉट नंबरही असतो. पण पट्ट्यावर एका वाणाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते, तेव्हा एलिव्हेटरच्या बुडाशी जुने दाणे अडकून राहतात. ते साफ केल्याशिवाय नवा लॉट लावायचा नसतो. चिठ्ठ्यांचे रीळ बदलायचे राहिले तर आत एक आणि बाहेर एक होते. म्हणून प्रत्येक पाकिटाची चिठ्ठी पट्ट्यावर वाचून चालू लॉटशी ताडून पाहायची आणि वजनकाट्यावरून जाताना हलके-जड पाकीट बाजूला काढायचे. २०२३मध्ये केंद्र सरकारने बियाण्याचा माग काढण्यासाठी ‘साथी’ ही क्यूआर कोडवर चालणारी व्यवस्था आणली, तिचाही हेतू पाकीट कोणत्या शेतातून आणि कोणत्या प्लांटमधून आले हे सापडावे असाच आहे.

हे सगळे हुकूम देणारा कोण? पूर्वी भिंतीएवढ्या कपाटात शेकडो रिले असत. एक खटका दुसऱ्याला ओढी, दुसरा तिसऱ्याला. कामाची पद्धत बदलायची म्हणजे सगळ्या तारा उकलून पुन्हा जोडायच्या. अमेरिकेत १९६८च्या सुमारास डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही कपाटे एका छोट्या संगणकात बसवायची कल्पना काढली. तिला पीएलसी म्हणतात. आपल्या कारखान्यांतले वायरमनही ‘पीएलसीत बघा’ असे सहज म्हणतात. त्यातला कार्यक्रम शिडीसारखा लिहितात. एकेक पायरी म्हणजे एकेक अट: डोळ्यापुढे माल आहे, पुढचा पट्टा चालू आहे, थांबण्याची दोरी ओढलेली नाही, तरच मोटर चालू. ही शिडी वरून खाली वाचायची, हुकूम सोडायचे, पुन्हा वरून सुरू करायचे. एका सेकंदात कित्येकदा.

अटींमध्ये सर्वांत मूलभूत अट क्रमाची. एकामागे एक चार पट्टे असतील तर सुरू करताना शेवटचा पट्टा आधी, मग त्याच्या मागचा. बंद करताना पहिला आधी. मधला एखादा अडकला तर त्याच्या मागचे सगळे लगेच थांबले पाहिजेत. नाहीतर मागचा माल येऊन ढीग होतो. घाटात पुढची बैलगाडी थांबली की मागच्या गाडीवानाने कासरा ओढायचा असतो, तसेच.

मालकांना वाटते, पट्टा दुप्पट पळवला की काम दुप्पट होईल. तीस सेंटीमीटरचे खोके आणि सत्तर सेंटीमीटर मोकळी जागा धरली, तर मीटरला एक खोके होते. सेकंदाला एक मीटर वेग असेल तर तासाला ३६०० खोकी. वेग दुप्पट केला तर ७२०० व्हायला हवीत. पण फाटकाच्या हाताला बाहेर येऊन परत जायला वेळ तेवढाच लागतो. त्याला मिळणारा वेळ मात्र अर्धा होतो. मग तो एका खोक्याला ढकलताना दुसऱ्याला आपटतो. गर्दी होते, खोकी अडकतात. आणि अडकलेले खोके काढायला माणसाचा हात पुढे येतो.

इथे मला थोडे थांबायचे आहे. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा एका कारखान्यात पट्ट्यावर कामाला होता. ड्रमपाशी पोत्याचा तुकडा अडकला. तो चालत्या पट्ट्यात हात घालून काढायला गेला आणि उजव्या हाताची तीन बोटे गमावून आला. मी त्याला विचारले, थांबवायची दोरी नव्हती का? तो म्हणाला, ‘चाचा, दोरी होती. पण ती सारखी ओढली जाते, काम थांबते, म्हणून वरच्या वर बायपास करून ठेवली होती.’ म्हणजे दोरी दिसायला होती, तिच्या मागे तार नव्हती.

याचे गणित पाहा. सेकंदाला एक मीटर पट्टा. माणसाला धोका कळून, ओरडून, दुसऱ्याने बटण दाबेपर्यंत अर्धा सेकंद गेला असे अगदी कमीत कमी धरा. तेवढ्यात पट्टा पन्नास सेंटीमीटर आत जातो. बोटांपासून कोपरापर्यंतचे अंतर याहून कमी भरते. पट्टा जिथे ड्रमवर चढतो ती फट सर्वांत धोक्याची. तिथे जाळी हवीच. ओढणी, पदर, गळ्यातला रुमाल, सैल बाही, कडे, या सगळ्यांना ती फट ओढून घेते.

थांबवण्याच्या दोरीची रचना फार विचार करून केलेली असते. घरातल्या दिव्याचे बटण दाबले की वीज वाहते. या दोरीचे उलटे आहे. तिच्या तारेतून वीज सतत वाहत असते आणि ती वाहते आहे तोवरच पट्ट्याला चालायची परवानगी असते. दोरी ओढली की वीज तुटते, पट्टा थांबतो. उंदराने तार कुरतडली तरी वीज तुटते आणि पट्टा थांबतो. म्हणजे बिघाड झाला तर तो माणसाच्या बाजूने व्हावा, अशी ही योजना आहे. तिला बगल देऊन तार जोडली की ही सगळी योजना एका क्षणात फुकट जाते. शिवाय दोरी ओढून थांबलेला पट्टा दोरी सोडल्यावर आपोआप सुरू होता कामा नये. कुणीतरी येऊन, पाहून, मुद्दाम सुरू केला पाहिजे. दुरुस्तीला आत शिरणाऱ्याने वीज बंद करून आपले कुलूप लावावे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. १९४८च्या कारखाने कायद्यातच चालत्या यंत्रांना कुंपण आणि प्रत्येक कामाच्या खोलीत वीज तोडायची सोय, या अटी घातलेल्या होत्या. नियम नवे नाहीत.

पट्ट्यामुळे हमालांचे काम गेले, असे लोक म्हणतात. पाठीवरचे ओझे गेले याचे मला दुःख नाही. मोंढ्यात पोती वाहून कमरेत वाकलेली माणसे मी पाहिली आहेत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तो याच माणसांच्या घामाची नोंद व्हावी म्हणून. पट्ट्याने ओझे उचलले, पण त्याबरोबर कामाची चालही आपल्या हातात घेतली. १९१३ साली हेन्री फोर्डने मोटारी जोडायला सरकती रांग लावली. बारा तासांहून जास्त लागणारे काम दीड तासावर आले. पण त्या चालीला कंटाळून कामगार इतके सोडून जाऊ लागले की पुढच्याच वर्षी, जानेवारी १९१४मध्ये, त्याला पाच डॉलर रोज जाहीर करावा लागला. वेग वाढवण्याचे बटण एका बोटाने फिरते. ते फिरवण्याआधी पट्ट्याशी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचे की नाही, हे पीएलसीच्या शिडीत लिहिलेले नसते. ते माणसांनी ठरवायचे असते.

शेतकऱ्याने पाकीट घेताना लॉट नंबर आणि मुदत पाहावी, तोच नंबर पावतीवर लिहून घ्यावा आणि पेरणीनंतर रिकामे पाकीट हंगाम संपेपर्यंत जपावे. तक्रार करायची वेळ आलीच तर पट्ट्यावरच्या त्या सगळ्या नोंदींपर्यंत पोचायचा तेवढाच धागा त्याच्या हातात असतो. आणि पट्ट्यावर काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनी शिफ्ट सुरू होताना, माल पडायच्या आधी, दोरी एकदा ओढून पाहावी. पट्टा थांबला तर कामाला लागावे. थांबला नाही तर वायरमनला बोलवावे, आणि तो येईपर्यंत पट्ट्याला हात लावू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)